तोंडाशी बसलेला माणूस



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत ते आयुष्यभर कामगारांमध्ये वावरले. त्यांच्या नावाच्या व्याख्यानात कामगारांच्या सुरक्षेवर बोला, असं संयोजकांनी सुचवलं, तेव्हा मी त्या मोठ्या विषयातला एकच कोपरा मागून घेतला. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात तीस वर्षांहून अधिक काळ मी सेफ्टी ऑफिसर होतो. उंचीवरून पडलेली माणसं पाहिली, प्रेसखाली गेलेली बोटं पाहिली. पण अजूनही मध्यरात्री जाग येते ती आत जायला एकच तोंड असलेल्या जागांमुळे.

कारखान्यात आम्ही तिला ‘कन्फाइन्ड स्पेस’ म्हणतो, सरकारी मराठीत ‘बंदिस्त जागा’. नावावरून वाटतं की जागा चिंचोळी असेल. तसं काही नाही. साखर कारखान्यातली मळीची टाकी या सभागृहाएवढी असू शकते. माणूस आत मावतो, पण ती जागा माणसाने वावरण्यासाठी बांधलेली नसते. आत-बाहेर करायची वाट अडचणीची असते आणि हवा खेळत नाही. एवढं जुळून आलं की झालं. मग ते बॉयलरचं पोट असो, ड्रेनेजचं चेंबर असो, गोबरगॅसचा खड्डा असो की नुकतीच बांधलेली पाण्याची टाकी. तुमच्यापैकी बहुतेकांच्या इमारतीखाली अशी एखादी जागा आज आहे. तिच्या झाकणावर आपण स्कूटर लावतो.

9 एप्रिल 2024. गुढीपाडवा. नेवासा तालुक्यातलं वाकडी गाव. एका पडक्या विहिरीत शेणाची स्लरी साठवलेली होती, तिच्यात मांजर पडलं. मांजराला काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, मग तिसरा. असे सहा जण आत गेले आणि पाच जण मेले. सहावा वाचला. त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता आणि दोराचं दुसरं टोक वर होतं.

आजच्या व्याख्यानात मला जे सांगायचं आहे ते सगळं त्या दोरात आहे.

त्याच्या आदल्या वर्षी, 15 मार्च 2023 ला, बारामती तालुक्यातल्या खांडजला अशाच खड्ड्यात चौघे गेले. तिथेही आधी एक उतरला आणि बाकीचे त्याला काढायला धावले. मार्च 2022 मध्ये लोणी काळभोरला एका इमारतीच्या सेप्टिक टँकमध्ये चौघे. त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला वाघोलीतल्या एका गृहसंकुलात तिघे. तो दिवस वसुबारसेचा होता. पुण्यात घरोघरी दिवाळीचा पहिला दिवा लागायचा होता, आणि तीन घरांत निरोप पोचवायला माणसं निघाली होती. मी मुद्दाम आपल्या आसपासचीच गावं घेतली. नाहीतर हे सगळं कुठेतरी दूर घडतं असं वाटत राहतं.

दूरचंही एक सांगतो, कारण त्यातून कळतं की ही गोष्ट किती जुनी आहे. 1 जुलै 1895 ला लंडनजवळच्या ईस्ट हॅम इथे मैलापाण्याच्या पंपिंग स्टेशनात एक कामगार खाली उतरला आणि कोसळला. त्याला वाचवायला एकामागून एक चौघे उतरले. पाचही जण गेले. जे. एस. हाल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने चौकशी केली आणि मारेकरी कोण ते सांगितलं: हायड्रोजन सल्फाइड. लंडनच्या एका बागेत दुसऱ्यांसाठी जीव देणाऱ्यांच्या नावांच्या फरश्या लावलेली एक भिंत आहे. तिथे त्या चौघांची नावं आहेत. असं स्मारक असावंच. पण त्या दिवशी तोंडाशी उभं राहून ‘थांबा, कुणी उतरू नका’ म्हणणारा एखादा माणूस असता, तर त्याचं नाव कुठल्या फरशीवर आलं असतं, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. कारण असा एक माणूस मी पाहिला आहे. त्याच्याकडे येतोच.

अमेरिकेतल्या निऑश या सरकारी संस्थेने 1986 साली लिहून ठेवलं की बंदिस्त जागांमध्ये मरणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक लोक हे वाचवायला गेलेले असतात. आपण पेपरात ‘चौघांचा गुदमरून मृत्यू’ असं वाचतो. खरं म्हणजे त्यातला एकच कामावर मेलेला असतो. बाकीचे मायेपोटी मेलेले असतात.

आत नेमकं काय होतं? आपल्याला वाटतं, गुदमरायला लागलं की कळेल, धडपड करून वर येऊ. हा समज जीवघेणा आहे. श्वास घेण्याची तळमळ होते ती शरीरात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. ऑक्सिजन कमी पडल्याची सूचना शरीर फारशी देतच नाही. साध्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो. 19.5 च्या खाली गेला की आम्ही माणूस आत सोडत नाही. दहाच्या खाली गेला तर माणूस शिडीच्या मधल्या पायरीवर असतानाच बेशुद्ध होतो, हात सुटतात. त्याला भीती वाटायलाही वेळ मिळत नाही. आणि ऑक्सिजन कमी व्हायला विषारी वायू लागतोच असं नाही. बंद लोखंडी टाकी आतून गंजते तेव्हा तो गंज टाकीतला ऑक्सिजन खात असतो. नव्या पाण्याच्या टाकीत स्लॅबखाली ओल्या फळ्या आठवडेच्या आठवडे बंद राहतात, कुजतात आणि तेच करतात. म्हणून सेंट्रिंग काढायला उतरलेली पोरं मरतात. टाकी कोरी असते, वास नसतो, घाण नसते. संशय यावा असं काहीच नसतं.

मैल्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्यासारखा वास, म्हणून आपण समजतो की नाक सावध करेल. पण हवेच्या दहा लाख भागांत याचे शंभर भाग झाले की काही मिनिटांत नाकच बधिर होतं. वास गेला, म्हणजे गॅस गेला, असं समजून माणूस आणखी दोन पायऱ्या उतरतो. पाचशे-सातशे भागांच्या पुढे तो काही मिनिटांत पडतो, हजाराच्या आसपास एक-दोन श्वासांत. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. शिवाय वरची साय शांत असताना तो गाळात अडकून राहतो, पाय किंवा फावडं लागलं की एकदम सुटतो. सकाळी वरून तपासलं तेव्हा ठीक होतं, असं प्रत्येक चौकशीत कुणीतरी सांगतं. ते खोटं नसतं. पण त्याचा उपयोग नसतो.

आपल्या आधीच्या पिढ्यांना हे अगदीच ठाऊक नव्हतं असं नाही. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं आहेत. तोंड अरुंद, पोट मोठं. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. काही वेळ ते तसंच मोकळं ठेवायचं, मग दोराने कंदील सोडायचा. कंदील विझला तर आत जायचं नाही. हे अनुभवाने कमावलेलं शहाणपण होतं आणि पेवापुरतं ते पुरेसंही होतं, कारण पेवात मुख्य भीती ऑक्सिजन नसण्याची. दिवा साधारण सोळा-सतरा टक्क्यांच्या आसपास विझतो. पण तोच कंदील मैल्याच्या टाकीत सोडला तर? माणूस मारायला पुरेल एवढा हायड्रोजन सल्फाइड आत असला तरी ज्योत शांतपणे जळत राहील. आणि मिथेन असला, हवेच्या पाच टक्क्यांपासून पंधरा टक्क्यांपर्यंत, तर कंदीलच स्फोट घडवेल. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ चित्रपटात गटारात मेलेल्या कामगाराची बायको कोर्टात सांगते की नवरा झुरळ बाहेर येतं का ते बघून आत उतरायचा. चित्रपट 2014 चा. पेवावरच्या हळदकऱ्याकडे निदान कंदील होता. शतकानंतर शहरातल्या माणसाच्या हाती आपण झुरळ दिलं.

आणि याच पुण्यात, अठराव्या शतकात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाण्याचा नळ आणला गेला. माणूस आत चालू शकेल एवढा. त्याला ठरावीक अंतरावर वर उघडणारी तोंडं ठेवली: दाब सुटावा, हवा खेळावी, गाळ काढायला उतरता यावं म्हणून. त्यांना नाव दिलं ‘उच्छ्वास’. मला हा शब्द फार आवडतो. बांधतानाच कुणीतरी असा विचार केला होता की जमिनीखालच्या या वाटेला श्वास लागेल आणि कधीतरी तिच्यात माणूसही उतरेल. आजच्या किती इमारतींच्या नकाशात हा विचार असतो?

आता त्या माणसाकडे येतो. 1994 चा मे महिना. मी नोकरीत नवा होतो. भोसरीकडच्या एका कारखान्यात जमिनीत अर्धी पुरलेली एक लोखंडी टाकी कित्येक महिने बंद होती. तिला आतून ठिगळ मारायचं होतं. मापं घ्यायला कंत्राटदाराचा फिटर उतरणार होता. आत जायचं परमिट माझ्या टेबलावर आलं आणि मी टेबलावरच सही केली. टाकी ‘रिकामी आणि कोरडी’ असं त्यावर लिहिलं होतं, आणि ते खरंच होतं. गॅस मीटर कपाटात होता. मी तो काढला नाही.

फिटर पाच-सहा पायऱ्या उतरला आणि खाली पडल्याचा आवाज आला. त्याचा जोडीदार शिडीकडे धावला. तेवढ्यात अवजड सामान हलवणारा आमचा खलाशी, रत्नागिरीकडचा, सगळे त्याला मामा म्हणायचे, मॅनहोलवर आडवा बसला. अक्षरशः बसला. मांडी घालून, दोन्ही हात कडेवर टेकवून. जोडीदार त्याला ओढत होता, शिव्या देत होता. मी धावत पोचलो आणि मीही ओरडलो, ‘मामा, सरका, माणूस मरतोय!’ मामा सरकला नाही. त्याने एकाला ब्लोअर आणायला पाठवलं, दुसऱ्याला श्वसनाचा सेट आणायला. ब्लोअरची नळी आत सोडली तेव्हाच तो उठला. सेट लावून, दोर बांधून एक जण उतरला. या सगळ्यात बारा-तेरा मिनिटं गेली. फिटर गेला.

त्या संध्याकाळी गेटवर लोक मामाला म्हणत होते, तू माणूस मरू दिलास. मी जवळच उभा होतो आणि मी काही बोललो नाही. ती सही माझी होती हे मला कळत होतं. दोन दिवसांनी मी त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, ‘साहेब, मी मुंबईच्या गोदीत होतो. जहाजाच्या होल्डमध्ये एकाच शिडीवरून तिघांना जाताना बघितलंय.’ एवढंच. त्याचं कुणी कौतुक केलं नाही. दोन वर्षांनी तो निवृत्त झाला तेव्हा निरोपाच्या भाषणांत या प्रसंगाचा उल्लेखही झाला नाही. त्याने वाचवलेला जोडीदार तिथेच बसला होता.

उडी घेणाऱ्याला आपण शूर म्हणतो. आपल्या पोवाड्यांपासून पेपरातल्या बातम्यांपर्यंत शौर्याची कल्पना तीच आहे. बसून राहणाऱ्याला धैर्य लागतं हे आपल्या मनात रुजलेलंच नाही. आत भाऊ पडलेला दिसत असताना वर थांबणं माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे, म्हणूनच ते त्या क्षणी सुचेल अशी अपेक्षा करता येत नाही. ते आधी ठरवून, शिकवून, पगार देऊन करून घ्यावं लागतं. त्यासाठी तोंडाशी असा माणूस हवा ज्याचं दुसरं कुठलंच काम नाही. त्याने आतल्याशी बोलत राहायचं, मीटरवर लक्ष ठेवायचं, दोर हातात ठेवायचा. काही झालं तर वरूनच ओढायचं आणि मदतीला बोलवायचं. चहा आणायलाही त्याने जायचं नाही. आत मात्र तो कधीही उतरणार नाही. कारखान्यांत त्याला ‘होल वॉच’ म्हणतात. मी मनात त्याला मामाच म्हणतो.

हे काही नवं नाही. आपल्या 1948 च्या कारखाना कायद्यातच, कलम 36 मध्ये, तो माणूस लिहिलेला होता. अशा जागेत कुणालाही जाऊ द्यायचं नाही, जोवर जाणकार माणसाने स्वतः तपासणी करून तसा लेखी दाखला दिलेला नाही. किंवा मग जाणाऱ्याने श्वसनाचं साधन आणि कमरेला पट्टा लावलेला हवा, पट्ट्याला दोर, आणि दोराचं मोकळं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. ‘स्वतः तपासणी करून’ हे शब्द मी 1994 नंतर कित्येकदा वाचले आहेत. गटारात उतरण्यापूर्वीच्या काळजीची भारतीय मानक संहिताही 1987 पासून आहे. कागद आपल्याकडे नेहमीच होता.

पण कारखान्याच्या भिंतीबाहेर काय? तिथे हा कायदा पोचत नव्हता, आणि तिथे उतरणारी माणसं कोण हे आपण सगळे जाणतो. पिढ्यानपिढ्या ज्या जातींवर मैला लादला गेला, त्यांचीच पोरं आजही चेंबरच्या तोंडाशी उभी असतात. दोर बांधायचा कंटाळा कुणाच्या जिवाबद्दल येतो, हे बघितलं की जात दिसते. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं हा गुन्हा ठरवला. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही शिक्षा महापालिकेला लागू तशीच कंत्राटदारालाही आणि काम सांगणाऱ्या खासगी माणसालाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी हे ऐकून ठेवावं. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये मृताच्या कुटुंबाला दहा लाख द्यायला सांगितले, ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम तीस लाख केली. मुंबईत गोवंडीला खासगी इमारतीच्या सेप्टिक टँकमध्ये मेलेल्या तिघांच्या विधवा उच्च न्यायालयात गेल्या. त्यांना 2021 मध्ये भरपाईचा आदेश मिळवावा लागला. काम खासगी होतं, सरकारचा काय संबंध, हा वाद त्यांना खोडून काढावा लागला. त्या तीन बायकांपुढे मी मान झुकवतो. पण हे सगळं मेल्यानंतरचं आहे, आणि मी मरण्याआधीच्या दहा मिनिटांबद्दल बोलतो आहे.

हा मीटर मी आज बरोबर आणला आहे. पिवळा, तळहातात मावणारा. चार गोष्टी मोजतो: ऑक्सिजन, पेट घेणारा वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. आत्ता यावर 20.9 दिसतं आहे. मी याच्यावर नुसता उच्छ्वास सोडतो. बघा, आकडा उतरला आणि हा ओरडायला लागला. तुमच्या-माझ्या उच्छ्वासाचाही याला संशय येतो. त्याला नळी लावून आधी वरची हवा, मग मधली, मग तळाची तपासायची. पहिला आकडा ऑक्सिजनचा बघायचा, कारण ऑक्सिजन पुरेसा नसेल तर पेट घेणाऱ्या वायूचा आकडाही भरवशाचा नसतो. मग ब्लोअर, पुन्हा तपासणी, आणि काम चालू असेपर्यंत मीटर आतल्या माणसाच्या छातीवर. तोंडावर तिपाई, तिला कप्पी, कप्पीवरून दोर थेट अंगभर घातलेल्या हार्नेसला. नुसता कमरपट्टा असेल तर बेशुद्ध माणूस दुमडतो आणि अरुंद तोंडातून निघत नाही. हे सगळं आणायचं, आणि त्याहूनही आधी विचारायचं की माणसाने आत जायलाच हवं का. जेटिंग मशीन आणि सक्शनची गाडी असताना मैल्याच्या टाकीत बहुतेक वेळा जावं लागतच नाही.

गेल्या पावसाळ्यापूर्वी आमच्याच सोसायटीत टाकी उपसायला टँकर आला होता. सकाळी अकराची वेळ. थोडा उपसा झाला आणि पाइप ओढेनासा झाला, तळाशी काहीतरी अडकलं होतं. टँकरबरोबर बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा होता. त्याने शर्ट काढला, मोबाइल एका चपलेत ठेवला, दुसरी चप्पल त्यावर पालथी घातली आणि टाकीच्या कडेला उकिडवा बसला. वॉचमन म्हणाला, हे लोक रोजच करतात. मुलगा मला म्हणाला, ‘काका, दोनच मिनिटांचं काम आहे.’

मी क्लब हाऊसमधून प्लास्टिकची खुर्ची मागवली, ती टाकीच्या तोंडाला टेकवली आणि बसलो. मुलगा हसला, मग वैतागला. पुढची खेप चुकली तर मालक पैसे कापतो म्हणाला. सेक्रेटरी खाली आले. त्यांना मी कायदा सांगितला नाही, मामाची गोष्ट सांगितली. त्यांनी जेटिंगची दुसरी गाडी मागवली आणि मुलाच्या चुकलेल्या खेपेचे पैसे द्यायचं कबूल केलं. गाडी चार वाजता आली. तोवर मुलगा माझ्याशेजारी पायरीवर बसून होता, आम्ही दोघांनी मिळून दोन वेळा चहा घेतला. पाण्याच्या जोराने गठ्ठा सुटला. पाइपाच्या तोंडाशी अडकून वर आला तो गोधडीचा एक तुकडा होता.

मुलाने नळावर हातपाय धुतले, चपला पायात सरकवल्या, फोन पुसला आणि घरी लावला. आज उशीर होईल, एवढंच सांगत होता.